"नाहीतर ट्रक चालवशील!" : त्या वाक्याला एका बडोदेकर ड्रायव्हरचं उत्तर

पोस्ट लांब आहे, चहा घेऊनच बसा. काहींना राग येईल. येऊ दे. माझा आधीच येऊन गेलाय.

गेल्या महिन्यात मंडळाच्या हॉलमध्ये दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव झाला. छान कार्यक्रम, नंतर शेव-उसळ आणि श्रीखंड. पाहुणे म्हणून आलेल्या गृहस्थांनी मुलांना सांगितलं, "अभ्यास करा रे पोरांनो, नाहीतर हायवेवर ट्रक चालवावा लागेल." हॉल हसला. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. आणि खरं सांगतो, मीपण हसलो. सवयीने. शेजारी बायको बसली होती, ती हसली नाही. घरी परतताना स्कूटरवर ती एकच वाक्य बोलली, "तुम्ही कशाला हसलात?" त्याचं उत्तर तिला अजून दिलेलं नाही, म्हणून हे लिहितोय.

मी या गावातला पाचव्या पिढीचा. पणजोबा गायकवाडी नोकरीत कारकून, आजोबा शाळेत, वडील एका मिलमध्ये हिशेबनीस. ती मिल बंद पडली तेव्हा मी आय.टी.आय.मध्ये डिझेल मेकॅनिक करत होतो. ग्रुपवरचे बरेच जण मला ओळखतात ते "ट्रान्सपोर्टमध्ये आहे" म्हणून. हे शब्द माझ्या आईचे. 1998 ते 2019 मी ट्रेलर चालवला. पहिली अकरा वर्षं एका मोठ्या कंपनीत, पुढे दुसरीकडे. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून यार्डात नव्या मुलांना गाडी शिकवतो. ट्रान्सपोर्टमध्ये आहे म्हणजे ड्रायव्हर आहे. बास, सांगून टाकलं.

आणि विषय फक्त माझ्या मानापमानाचा असता तर गप्प बसलो असतो. माझा भाचा एकवीस वर्षांचा आहे. बी.कॉम. झाला, दीड वर्ष मोटरसायकलवर पार्सलं पोचवतोय, पेट्रोल स्वतःचं, पडला तर दवाखाना स्वतःचा. त्याला ट्रेलर शिकायचाय. धाकट्या बहिणीचा फोन आला, "दादा, तू त्याला समजाव. तुझं ऐकेल तो." काय समजाव, हे ती बोलली नाही. बोलायची गरज नव्हती. माझंच आयुष्य दाखवून मी त्याला घाबरवायचं होतं.

तर मी त्याला काय सांगितलं ते इथे सांगतो. त्या पाहुण्यांच्या वाक्यापेक्षा ते जास्त खरं आहे.

आधी हे की, ट्रक "चालवावा लागेल" असं कोणाच्याही गळ्यात पडत नाही. नापास झालात आणि उद्यापासून ट्रक, असं होत नाही हो. मालवाहू गाडी चालवायला कायद्याने वयाची वीस वर्षं पूर्ण लागतात. हलक्या गाडीचं लायसन्स किमान वर्षभर हातात असावं लागतं, मगच हेवीचं शिकाऊ लायसन्स निघतं. मग ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट, डॉक्टरचा दाखला, आर.टी.ओ.ची परीक्षा. पूर्वी आठवी पासची अट होती, ती 2019 मध्ये काढली. म्हणून कोणी म्हणेल, बघा, अडाणी माणूससुद्धा चालवतो! चालवतो, आणि जोडणी न तपासता गाडी गेटाबाहेर नेणाऱ्या पदवीधरापेक्षा चांगली चालवतो. लायसन्स मिळालं म्हणजे गाडी आली असंही नाही. कंपनी विचारते अनुभव किती. अनुभव नाही तर गाडी नाही, गाडी नाही तर अनुभव नाही. 1998 ला मी याच भिंतीवर आपटलो होतो. हेवी लायसन्स खिशात असून आठ महिने खलाशी म्हणून बसलो.

आमचे उस्ताद गुरदासपूरकडचे सरदारजी होते. त्यांनी पहिला महिनाभर मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. हातोडी दिली. रोज सकाळी अठराच्या अठरा टायर वाजवून बघायचे. हवा भरलेला टायर टणकन बोलतो, बसलेला भद्द आवाज करतो. आतल्या बाजूचा टायर बसलेला असेल तर डोळ्यांना कळत नाही, आवाजानेच कळतो. मग जोडणी. ट्रेलरवाले पुढच्या इंजिनाच्या भागाला घोडा म्हणतात. घोडा मागे घेऊन ट्रेलरखाली सरकवायचा, किंगपिन खटकन बसला पाहिजे. बसला असं वाटणं वेगळं आणि बसणं वेगळं, म्हणून खाली वाकून बघायचं, मग ट्रेलरचे ब्रेक लावलेले ठेवून पहिल्या गिअरमध्ये घोडा ओढून बघायचा. हवेचे दोन पाइप, दिव्यांची केबल, आणि सगळ्यात शेवटी ट्रेलरचे पाय वर. एकदा पाय वर घ्यायला विसरून मी गाडी काढली होती. गेटजवळच्या गतिरोधकावर जो आवाज झाला, त्याने अख्खं यार्ड बाहेर आलं. उस्तादांनी शिवी दिली नाही. नुसतं म्हणाले, "आज जेवायचं नाही." आणि मी खरंच जेवलो नाही.

रिव्हर्स घ्यायला शिकणं हे तर वेगळंच प्रकरण. ट्रेलरचं शेपूट डावीकडे न्यायचं असेल तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं, आणि शेपूट वळू लागलं की लगेच त्याच्या मागे जायचं, नाहीतर घोडा आणि ट्रेलर चाकूसारखे मिटतात. चाळीस फूट लांबीचं धूड, पॉवर स्टिअरिंग नाही, मागे शेडचा खांब आणि खाली उभा सुपरवायझर बोंबलतोय. मला हे जमायला चार महिने लागले. चार्टर्ड अकाउंटंटच्या परीक्षेला वर्षं लागतात, मान्य. पण त्यात चूक झाली तर खांब पडत नाही.

आता उघडा ट्रेलर म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्या लोकांना सगळे ट्रक सारखेच दिसतात. डबाबंद गाडीत माल भरला, दार लावलं, सील मारलं, ड्रायव्हर मोकळा. उघड्या ट्रेलरला भिंती नसतात. सपाट फळी आणि त्यावर माल: पत्र्याच्या कॉइल, प्लेटा, पाइप, मशिनं, ट्रान्सफॉर्मर. आपल्या बडोद्याच्या आसपास ट्रान्सफॉर्मर आणि जड यंत्रसामग्री किती बनते ते तुम्हाला माहीतच आहे. हजिऱ्याहून पोलाद निघतं ते कळंबोलीच्या लोखंड बाजारात जातं, पुण्याकडे जातं, आपल्याकडे येतं. हे सगळं उघड्यावर, साखळ्या आणि पट्ट्यांच्या भरवशावर. म्हणजे ड्रायव्हरच्या बांधणीच्या भरवशावर. पत्र्याला तेल असतं, तो साबणासारखा सरकतो. पाइपांना बाजूला खुंट लागतात. पट्टा धारदार कडेवरून गेला तर मध्ये रबर घालावं लागतं, नाहीतर पन्नास किलोमीटरमध्ये तो कापला जातो. आणि निघाल्यावर वीस-तीस किलोमीटरवर थांबून सगळं पुन्हा आवळायचं, कारण हादऱ्यांनी माल बसतो आणि पट्टे सैल पडतात. पावसात तर मालावर चढून ताडपत्री बांधायची. खाली ओला पत्रा, वर वारा, हातात रस्सा. पत्र्याला गंज लागला तर क्लेम, आणि क्लेम आला की पहिलं नाव ड्रायव्हरचं.

जुलै 1999. मी स्वतंत्र गाडी घेऊन वर्ष झालं नव्हतं. दोन कॉइल, प्रत्येकी सुमारे अकरा टनांची, चाकासारख्या उभ्या ठेवलेल्या, खाली लाकडी गुटके. मी चार साखळ्या मागितल्या. आमच्या कंपनीच्या लोडिंगवाल्याने दोन दिल्या आणि म्हणाला, बाकीच्या दुसऱ्या गाडीवर आहेत, मागे रांग लागलीय, निघ. मी निघालो. नवीन होतो, नाही म्हणायची हिंमत नव्हती. मनोरच्या पुढे, म्हणजे मुंबईकडून येताना पुढे, आम्हाला अलीकडे पडते ती मेंढवणची खिंड. पाऊस. पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला, मीपण मारला. गाडी थांबली, माल थांबला नाही. पुढची कॉइल गुटका ओलांडून ट्रेलरच्या पुढच्या लोखंडी आडव्यावर आदळली आणि तो आडवा वाकून केबिनच्या पाठीला टेकला. केबिनच्या पाठीशी फळीवर माझा खलाशी झोपला होता. अठरा वर्षांचा, दाहोदकडचा पोरगा. पत्रा त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर आत आला होता. तो जागा झाला आणि विचारलं, "आलं का कळंबोली?"

मी गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला बसलो. पाय उभे राहीनात.

कंपनीने चौकशी केली. कागदावर "चालकाचा निष्काळजीपणा" आलं. साखळ्यांचं नाव कुठेच नव्हतं. नऊ महिने दरमहा पाचशे रुपये पगारातून कापले. तेव्हा माझा पक्का पगार होता चोवीसशे, वर भत्ता.

हे मी का सांगतोय? कारण भाच्याला मी हेच पहिलं सांगितलं. "ट्रक वाईट" असं सांगितलं नाही. सांगितलं, चार साखळ्या मागितल्यावर दोन मिळाल्या तर गाडी हलवायची नाही. नोकरी गेली तरी चालेल. हे वाक्य मला माझ्या घरातल्या, माझ्या समाजातल्या कोणी सांगितलं असतं तर? पण माझ्या घरात या धंद्याबद्दल बोलणंच नव्हतं! मी खिंडीतून जिवंत परत आलो आणि घरी म्हटलं, ट्रिपला थोडा उशीर झाला. आईने शेजारच्या काकूंना सांगितलं, ऑफिसात काम वाढलंय.

माझ्या लग्नाच्या वेळी बायोडेटात आईने लिहिलं, "ट्रान्सपोर्ट कंपनीत नोकरी". सात स्थळं आली. चहापोहे झाले की मुलीचे वडील हळूच विचारत, "म्हणजे ऑफिसात ना?" मी म्हणायचो, नाही, गाडीवर. मग पोह्यांची स्तुती व्हायची आणि निरोप यायचा नाही. आठवं स्थळ नंदुरबारचं. मुलीचे वडील एस.टी.त ड्रायव्हर. त्यांनी ऑफिसबिफिस काही विचारलं नाही. विचारलं, "घाटात न्यूट्रल मारतोस का?" मी म्हटलं, नाही. "डिझेल वाचवायला?" तरी नाही. "मग ठीक आहे," म्हणाले, आणि आतल्या खोलीकडे बघून मान हलवली. चोवीस वर्षं झाली लग्नाला. हीच ती बाई, जी हॉलमध्ये हसली नाही.

आता थोडं कडू बोलतो. आपण बडोद्याचे मराठी लोक उठता बसता सयाजीराव महाराजांचं नाव घेतो. घ्यावंच. पण महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं ते कशासाठी? मुलांच्या हाताला विद्या यावी, रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम शिकावं म्हणून. दादासाहेब फाळके तिथे शिकले हे आपण अभिमानाने सांगतो. ते पुढे सिनेमावाले झाले म्हणून सांगतो, हेही जरा तपासून बघा. कलाभवनातून निघून आयुष्यभर लेथवर उभं राहिलेल्या माणसाचा फोटो आपल्या कुठल्या हॉलमध्ये आहे? आणि आपले पूर्वज या मुलखात आले ते कसे? पिलाजीरावांच्या फौजेबरोबर, घोड्यावर. बिऱ्हाड पाठीला, महिनोन्‌महिने रस्त्यावर, रात्री मिळेल तिथे पथारी. ते चालतं. त्याच्या वंशावळी आपण फ्रेम करून लावतो. आणि आज घोड्याला ट्रेलर जोडून एखादा पोरगा हजिऱ्याहून निघाला की "नाहीतर" होतो.

जातीचं नाव घेत नाही, ग्रुपचा नियम आहे. पण मला इतकंच माहीत आहे की आमच्या यार्डात पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश, आपलं दाहोद-गोध्रा, सगळीकडची मुलं आहेत. मराठी आडनावं आहेत ती धुळे-नंदुरबारकडची. बडोद्यात वाढलेलं मराठी आडनाव एकच, माझं. दुसरीकडे याच ग्रुपवर दर आठवड्याला पोस्ट येते की आपल्या मुलांना नोकऱ्या नाहीत. आणि आमचा मॅनेजर दर आठवड्याला म्हणतो की ड्रायव्हर नाहीत, गाड्या उभ्या आहेत.

इथे कोणीतरी कॉमेंट करेलच की व्यसनं असतात, घर सुटतं, अपघात होतात, पोलीस पैसे मागतात. सगळं खरं आहे. हायवेवर डोडा मिळतो, मी बघितलाय, घेणारे माझ्या शेजारच्या गाडीत होते. सलग वीस-वीस तास गाडी हाकणारा माणूस झोप मारायला काहीतरी घेणारच. मग त्याला वीस तास हाकायला कोण लावतं? मी लागलो तेव्हा 1961 चा मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायदा होता. त्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास असं स्पष्ट लिहिलेलं होतं. यार्डात हे सांगितलं की लोक हसायचे, अगदी आपल्या हॉलसारखे. आता तर गाडीत जी.पी.एस. आहे. भिंतीवर पोस्टर, "झोप आली तर थांबा". थांबलं की कंट्रोल रूममधून फोन, "गाडी का उभी आहे?" दोन्ही एकाच कंपनीचे. केबिनमध्ये एसी असावा हा नियम आत्ता, 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनणाऱ्या ट्रकांना लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या सगळ्या उन्हाळ्यांत इंजिनाच्या बाजूला बसून लोकांनी जे सोसलं, त्याचं नाव कोणी घेत नाही. व्यसनाचं मात्र सगळे घेतात.

जानेवारी 2024 आठवतंय? नव्या कायद्यातल्या हिट अँड रनच्या दहा वर्षांच्या शिक्षेवरून ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. आपल्या ग्रुपवर दोन दिवस पेट्रोल पंपांच्या रांगांचे फोटो होते, आणि "या लोकांना फटके दिले पाहिजेत" असंही एका काकांनी लिहिलं होतं. माझा काही त्या कलमाला आंधळा विरोध नाही. माणूस उडवून पळून जाणारा गुन्हेगारच आहे. पण थांबला तर जमाव मारतो हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. सरकारनेही ते कलम लागू करणं तूर्त थांबवलं. त्या काकांना मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आज देतोय, काका, तुमच्या मजल्यावरची लिफ्ट ज्या पोलादाची आहे ते विमानाने आलेलं नाही.

आणि 2020 चा मार्च. तुम्ही सगळे घरात होता, बरोबरच होतं. आम्ही ऑक्सिजनच्या प्लँटसाठीचं सामान घेऊन रस्त्यावर होतो. ढाबे बंद, टायरवाले बंद. एका गावात पाणी मागितलं तर लांबूनच बादली सरकवली. त्या म्हातारीला मी दोष देत नाही, तीही घाबरलेली होती. पण तिने बादली सरकवली तरी.

बरं, हे सगळं ऐकूनही ज्याला यायचंय त्याच्यासाठी, आणि त्याच्या आईवडिलांसाठी, कामाचं बोलतो.

सुरुवात मोठ्या कंपनीतच करा. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे घरोबा असतो, पण पगार त्याच्या मर्जीवर आणि गाडीची देखभाल त्याच्या खिशावर. मोठ्या कंपनीत नियुक्तीचं पत्र, पी.एफ., विमा मिळायची शक्यता तरी असते, टायर वेळेवर बदलतात. पण डोळे मिटून सही करू नका. "प्रशिक्षण" म्हणून तीन दिवस व्हिडिओ दाखवत असतील तर ते प्रशिक्षण नव्हे. किती दिवस जुन्या ड्रायव्हरबरोबर बसवणार, त्या दिवसांचा पगार काय, हे आधी विचारा. मूळ लायसन्स कंपनीकडे जमा करायला सांगितलं तर द्यायचं नाही, झेरॉक्स द्यायची. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही. डिझेलचा ॲव्हरेज कोणी ठरवला आणि कमी आला तर कोणाच्या पगारातून कापणार, हे लिहून घ्या. सगळी मेख तिथेच आहे. डिझेल वाचवलेलं ड्रायव्हरचं, असा हिशेब असला की मुलं उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. इंजिनाची पकड गेली, सगळा भार ब्रेकवर आला, ब्रेक तापले, आणि मग पेपरात येतं, "ब्रेक निकामी झाल्याने". माझ्या सासऱ्यांनी पहिला प्रश्न हाच का विचारला असेल ते आता लक्षात येईल तुमच्या.

गेटवर गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली तर त्याचे पैसे कोणाला मिळतात, हेही विचारा. कंपनी ते माल मागवणाऱ्याकडून वसूल करते. ड्रायव्हरपर्यंत क्वचित पोचतात. आणि मालाचं वजन. पाच आक्सलांच्या अठरा चाकी गाडीला आता एकूण साडेपंचेचाळीस टनांची परवानगी आहे. 2018 ला वाढवली. त्याच्यावर भरायला सांगितलं तर दंड कंपनी भरेल म्हणतील, पण तुटलेल्या आक्सलच्या गाडीत तुम्ही बसलेले असाल.

पैसा? माझं घर, दोन मुलांची शिक्षणं, आईचं मोतीबिंदूचं आणि नंतर खुब्याचं ऑपरेशन, सगळं याच स्टिअरिंगवर झालं. श्रीमंत नाही झालो. मुलीच्या शाळेचे बहुतेक कार्यक्रम चुकले. तिच्या आठवीच्या गॅदरिंगला मी भरूचला नर्मदेच्या पुलाच्या अलीकडे जाममध्ये उभा होतो. तेव्हा नवा पूल व्हायचा होता. अकरा तास. तिचं नाटक फोनवर ऐकलं, तेही अर्धं, कारण फोनची बॅटरी संपली. हे कोणी भरून देत नाही, आणि मी भाच्यापासून हे लपवलेलं नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि हा माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा. आपल्यातले कितीतरी जण मकरपुऱ्यात, सावलीला, हालोलला कारखान्यांत चांगल्या हुद्द्यावर आहात. डिस्पॅच बघता, स्टोअर बघता, एच.आर. बघता. उद्या कामावर गेलात की एक करा. गेटबाहेर जा आणि बघा, तुमच्या मालासाठी आलेला ड्रायव्हर शौचाला कुठे जातो. आत जाऊ देत नाहीत, सुरक्षेचा नियम. बाहेर काही नाही. गाडीच्या आडोशाला, नाल्याकाठी. मी एकवीस वर्षं हेच केलं. एका कारखान्यात मला पाण्यासाठी आत सोडलं नाही, आणि गेटपासवर सही होती ती आपल्याच मंडळाच्या माणसाची. गणपतीत आम्ही शेजारी बसून मोदक खाल्ले होते. त्याला माहीत नव्हतं की बाहेर उभा असलेला ड्रायव्हर मी आहे. मला माहीत होतं सही कोणाची आहे ते. मी आवाज दिला नाही. लाज त्याला वाटायला हवी होती, वाटली मला.

दोन संडास, एक नळ, सावलीला एक शेड. तुमच्या बजेटमध्ये हे चहाच्या खर्चाइतकंही नाही. ज्यांना हे करता येईल त्यांनी मला मेसेज करा. मी स्वतः येऊन जागा दाखवतो, कुठे केलं तर गाड्यांना अडचण होणार नाही ते सांगतो. त्याबद्दल गुणगौरव करू नका माझा. आणि पुढच्या वर्षीच्या पाहुण्यांना बोलवायच्या आधी एकदा यार्डात पाठवा. अठरा टायर वाजवून त्यातला बसलेला कोणता ते त्यांनी ओळखावं. मी त्यांच्या भाषणाला पहिल्या रांगेत बसेन.

भाच्याचं हेवीचं शिकाऊ लायसन्स मागच्या गुरुवारी निघालं. दर रविवारी सकाळी सातला यार्डात येतो. रिव्हर्स अजून जमत नाही, परवा एक ड्रम चेपला. बहीण माझ्याशी पंधरा दिवस बोलत नव्हती. काल रात्री तिचा फोन आला. होकार काही दिला नाही. विचारलं, केबिनमध्ये डबा गरम करायची सोय असते का. मी म्हटलं, असते.

मग म्हणाली, "त्याला वांगं चालत नाही, लक्षात ठेव."